पहिली मॅरेथॉन, हृदयासाठी निधी आणि मध्येच थांबण्याची मुभा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 41. वडील 52व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वर्षभर तुम्ही आठवड्यातून तीनदा पाच-पाच किलोमीटर धावताय. सात महिन्यांनी पहिली मॅरेथॉन धावून हृदयरोगावर काम करणाऱ्या एका संस्थेसाठी निधी जमवायचा विचार आहे. घरचे म्हणतात, ज्या रोगाने बाबा गेले त्याच्यासाठी तू स्वतःचं हृदय कशाला पणाला लावतेस? तुम्हाला विचारायचंय की हे झेपेल का, तयारी कशी करायची, आणि पैसे मागायची लाज वाटते त्याचं काय करायचं.

मी 22 वर्षं हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचं काम करते. स्वतः काही मॅरेथॉन धावले आहे आणि त्याहून जास्त वेळा शर्यतीच्या वैद्यकीय तंबूत उभी राहिले आहे. माझं उत्तर हो असंच आहे, नक्की धावा. फक्त माझी एक अट आहे. निधीच्या पहिल्याच आवाहनात स्वच्छ लिहा की शर्यत अर्धवट सोडावी लागली तरी देणाऱ्यांचे पैसे संस्थेकडे जातीलच. ही अट का, ते आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

एका शर्यतीत मी 34व्या किलोमीटरच्या मदतकेंद्रावर होते. पन्नाशीचे एक गृहस्थ चालत आले. चेहरा राखाडी पडलेला, घाम गार. दाढ दुखल्यावर माणूस चोळतो तसा डाव्या जबड्याखाली अंगठा दाबून चोळत होते. छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले. जबडा कधीपासून दुखतोय? ‘दोन-तीन किलोमीटर झाले.’ खुर्चीत बसवलं तर पुन्हा उठायला लागले. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पेनाने नावांची आद्याक्षरं लिहिलेली होती, घामाने फिसकटलेली. तो हात माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘डॉक्टर, या सगळ्यांनी पैसे दिलेत. आठच किलोमीटर राहिलेत, चालत जातो.’ रुग्णवाहिकेत ईसीजी काढला तेव्हा झटका सुरू होता. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले. देणगीदारांपैकी एकानेही पैसे परत मागितले नाहीत. कुणी मागणारच नव्हतं, पण हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

स्वतःच्या हौसेसाठी धावणारा माणूस दुखलं की थांबतो. दुसऱ्यांच्या पैशाचं ओझं घेऊन धावणारा थांबत नाही. निधीसाठी पहिल्यांदा धावणाऱ्यांच्या बाबतीत मला 42.195 किलोमीटर अंतरापेक्षा या ओझ्याची भीती जास्त वाटते. हे अंतर पहिल्यांदा धावलं गेलं 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये. तिथे इटलीचा दोरांदो पिएत्री शेवटच्या फेरीत पुन्हापुन्हा कोसळला, अधिकाऱ्यांनी त्याला आधार देऊन रेषा ओलांडायला लावली, आणि मदत घेतली म्हणून तो बाद ठरला. त्या क्षणाचं छायाचित्र आजही जिद्दीचं उदाहरण म्हणून फिरतं. मला ते बघवत नाही.

आता तुमच्या घरच्यांच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही, पण तिचं माप माहीत असावं. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळातल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनचा मोठा अभ्यास झाला. सुमारे 1 कोटी 9 लाख धावपटूंमध्ये 59 जणांचं हृदय बंद पडलं, म्हणजे दर लाखामागे जेमतेम अर्धा. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखामागे साधारण 1 होतं, अर्धमॅरेथॉनमध्ये त्याच्या पाव. पुरुषांमध्ये 0.90 आणि स्त्रियांमध्ये 0.16. त्याच गटाने पुढच्या दशकाचाही अभ्यास केला. हृदय बंद पडण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, पण त्यातून होणारे मृत्यू निम्म्यावर आले. रस्त्यावर सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचा प्रथमोपचार) येणारी माणसं आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारी) यंत्रं वाढली, याचा त्यात मोठा वाटा आहे. हे आकडे घरच्यांना जरूर दाखवा.

पण हे झालं सरसकट सगळ्या धावपटूंचं माप. तुमचं माप वेगळं काढावं लागेल. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला 55च्या आत, आईला किंवा बहिणीला 65च्या आत हृदयविकार झाला असेल तर आम्ही तो अनुवंशिक धोक्याचा इशारा धरतो. तुमचे वडील 52व्या वर्षी गेले. अमेरिकेत धावण्याची लाट आणणाऱ्यांपैकी एक जिम फिक्स. त्याच्या वडिलांना 35व्या वर्षी झटका आला होता आणि 43व्या वर्षी ते गेले. फिक्सने 35च्या आसपास धावायला सुरुवात केली, सिगारेट सोडली, वजन उतरवलं, आणि 1984 साली 52व्या वर्षी धावतानाच गेला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदलेल्या सापडल्या. धावण्याने तो मेला असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मी यातून एवढंच घेते की धावणं हे तपासणीला पर्याय नाही. रक्तवाहिनीत साचलेलं कोलेस्टेरॉल किलोमीटर मोजत नाही.

म्हणून नाव नोंदवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटा आणि ‘मॅरेथॉनची तयारी सुरू करतेय, वडील 52व्या वर्षी गेले’ ही दोन वाक्यं पहिल्या मिनिटात सांगा. बीपी, लिपिड प्रोफाइल, साखरेसाठी एचबीए1सी आणि ईसीजी एवढं तर हवंच. लिपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा पुरते आणि घराण्यात लवकर हृदयविकार असेल तर ती आवर्जून करावी, कारण ते बहुतांशी जन्मतःच ठरलेलं असतं आणि आहार-व्यायामाने फारसं हलत नाही. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) लागेल का, कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारं स्कॅन) करावा का, हे डॉक्टर ठरवतील. बाबांचे जुने कागद असतील तर सोबत न्या. घराण्यात आणखी कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का, पोहता येत असून बुडालंय का, तेही विचारून घ्या. लोक याला अपघात म्हणून विसरतात. पण हृदयाचा स्नायू जन्मतः जाड असण्याचा किंवा ठोक्यांच्या विजेत दोष असण्याचा धागा अशाच गोष्टींत सापडतो.

एक इशारा. स्ट्रेस टेस्ट चांगली आली म्हणजे मोकळीक मिळाली असं समजू नका. रक्तवाहिनी रक्ताचा प्रवाह अडवण्याइतकी अरुंद झाली असेल तरच ती चाचणी सहसा ओरडते. झटका पुष्कळदा रक्तवाहिनीतली त्याहून लहान, चरबीची गाठ फुटून येतो. त्यामुळे तपासणी नीट आली तरी पुढच्या सात महिन्यांत धावताना छातीवर दाब, जबडा, खांदा किंवा दोन खांद्यांच्या मधोमध दुखणं, नेहमीच्या वेगाला नेहमीपेक्षा जास्त धाप, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अडखळल्यासारखे वाटणं, यातलं काहीही झालं तर त्याच पावलाला थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. बायकांमध्ये छातीतल्या दुखण्याऐवजी मळमळ आणि विचित्र थकवा जास्त दिसू शकतो. ‘काल झोप नीट झाली नाही’ या सबबीवर ते सोडून देऊ नका.

आणि फायदा? पहिल्यांदाच मॅरेथॉन धावणाऱ्यांवर लंडनमध्ये एक सुंदर अभ्यास झालाय, 2020 साली प्रसिद्ध झाला. 138 नवखे धावपटू, साधारण सहा महिन्यांची बेताची तयारी. वरचं बीपी सरासरी 4ने आणि खालचं 3ने उतरलं, आणि महारोहिणीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) ताठरपणा इतका कमी झाला की रक्तवाहिन्यांचं वय जवळपास चार वर्षांनी मागे गेलं. त्यातले बहुतेक लोक तुमच्यासारखेच होते, आठवड्याला थोडंफार धावणारे. शर्यतीच्या दिवसाने हे घडलं नाही, आधीच्या सहा महिन्यांनी घडवलं. तुम्ही 30व्या किलोमीटरला शर्यत सोडलीत तरी हा लाभ तुमच्या खात्यात जमा झालेला असेल.

तयारीकडे येते. सात महिने म्हणजे 30 आठवडे, पुरेसे आहेत, ऐसपैस नाहीत. दम काही आठवड्यांत वाढतो. हृदयाचा डावा कप्पा जास्त रक्ताने भरायला शिकतो, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो, सकाळची नाडी खाली येते. टाचेमागचा स्नायुबंध, नडगीचं हाड आणि तळपायाची पट्टी मात्र महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. म्हणून तिसऱ्या महिन्यात धावपटूला वाटतं की आता काय वाटेल तितकं धावेन, आणि तेव्हाच तो जायबंदी होतो. माझ्याकडे आलेल्या नवख्यांच्या बहुतेक दुखापती या एकाच गफलतीच्या आहेत.

पहिले आठ आठवडे तीनाचे चार दिवस करा आणि एका दिवसाचं अंतर हळूहळू 12 किलोमीटरपर्यंत न्या. तो तुमचा लाँग रन. मधल्या काळात तो दर आठवड्याला एक-दोन किलोमीटरने वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. साधारण 17व्या-18व्या आठवड्याला एखादी अर्धमॅरेथॉन शांतपणे धावून बघा. शेवटचा सगळ्यात मोठा लाँग रन 28 ते 30 किलोमीटरचा, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर अंतर कमी करत न्यायचं, त्याला आम्ही टेपर म्हणतो. टेपरमध्ये पाय शिवशिवतात, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, पण एकही जादा किलोमीटर धावू नका. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पाय, नितंब आणि पोट-कंबरेचे व्यायाम करा.

वेग किती? धावताना सलग दोन-तीन वाक्यं बोलता आली पाहिजेत. घड्याळातल्या ठोक्यांपेक्षा मी या कसोटीवर जास्त भरवसा ठेवते, कारण कमाल ठोके काढायचं 220 वजा वय हे सूत्र एकेका माणसाच्या बाबतीत बरंच चुकतं. चार मिनिटं धावून एक मिनिट चालणं ही पद्धत पहिल्या लाँग रनपासूनच लावून घ्या. चालणं म्हणजे हार अशी समजूत असते. पण अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी याच पद्धतीने असंख्य नवख्यांना मॅरेथॉन पूर्ण करायला लावली. चालण्यासकट किलोमीटरला सरासरी 7 मिनिटं पडली तर साधारण 4 तास 55 मिनिटं लागतात, साडेसात पडली तर 5 तास 16. नाव नोंदवताना शर्यतीची कमाल वेळमर्यादा तेवढी बघून घ्या.

रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त असेल तर त्या दिवशी धावू नका. आणि तापात कधीच धावू नका. विषाणूचा ताप हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला असेल तर त्या वेळी पडलेला ताण घातक ठरू शकतो. ताप पूर्ण जाऊ द्या, मग चालण्यापासून परत सुरुवात करा. दोन आठवडे बुडाले तर बुडू देत. बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढायला मात्र जाऊ नका.

शरीरातला साखरेचा साठा साधारण 30 किलोमीटरच्या आसपास संपत येतो आणि पाय शिशाचे होतात. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं घेतली तर ती वेळ पुढे ढकलता येते. धावपटूंचं साखरेचं जेल असो की केळं, जे शर्यतीत घेणार ते लाँग रनमध्ये आधी पोटाला सवयीचं करा. पाणी तहानेप्रमाणे प्या. हे मी जोर देऊन सांगते, कारण पहिल्यांदा धावणारे भीतीपोटी प्रत्येक टेबलावर दोन पेले रिचवतात. 2002च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तर 13 टक्क्यांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, पातळ होऊन खाली गेलेलं होतं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले त्यांच्यात हे जास्त दिसलं. तुम्ही चार तासांपलीकडच्याच असणार. उलट्या, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, अंगठी घट्ट होणं ही त्याची लक्षणं, आणि अशा वेळी आणखी पाणी पाजणं म्हणजे विष पाजणं. धावण्याआधी किंवा धावताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नका, किडनीवर ताण येतो आणि सोडियमही घसरू शकतं.

शेवटची रेषा दिसली की वेग वाढवायचा मोह होतो. हृदय बंद पडण्याच्या घटना शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त होतात. गर्दी टाळ्या वाजवत असली तरी तुम्ही ज्या चालीने आलात त्याच चालीने रेषा ओलांडा.

आता पैसे मागण्याबद्दल. तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय की जाण्याआधीच्या दोन रात्री बाबांची पाठ आणि खांदा दुखत होता आणि तुम्ही बाम चोळून दिलात. तुमचं आवाहन तिथून सुरू करा. ‘जगात दरवर्षी सुमारे 1 कोटी 79 लाख लोक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रोगाने जातात’ हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2019चा आकडा खरा आहे, पण आकडा वाचून कुणी पाकीट उघडत नाही. बाम चोळणारा हात सगळ्यांना दिसतो. त्या रात्री काय ओळखायचं राहिलं आणि ही संस्था लोकांना नेमकं तेच ओळखायला कसं शिकवते, एवढं दहा ओळींत लिहा. मग पुढचं वाक्य: ‘मी पूर्ण अंतर धावेन असा प्रयत्न आहे. शरीराने नको म्हटलं तर थांबेन. तुमचे पैसे दोन्ही परिस्थितीत संस्थेकडेच जातील.’ मागायची लाज या वाक्याने बरीच कमी होते, कारण मग तुम्ही स्वतःच्या पराक्रमासाठी काही मागत नाही.

किलोमीटरमागे अमुक रक्कम, अशी देणगी घेऊ नका. ही पद्धत लोकप्रिय आहे, मला ठाऊक आहे. पण प्रत्येक पुढच्या किलोमीटरला किंमत लावली की 34व्या किलोमीटरला माणूस जबडा चोळत चालत राहतो.

सगळ्यांना एकच संदेश एकदम पाठवू नका. पहिले दहा संदेश नावानिशी, अशा लोकांना पाठवा जे मोकळ्या हाताने देतील, कारण नंतर येणारे आधीच्या रकमा बघूनच आपली ठरवतात. सहकारी, शाळेतले मित्रमैत्रिणी, बाबांचे मित्र, या क्रमाने पुढे जा. बाबांच्या मित्रांना फोनच करा. कार्यालयात विचारा, काही ठिकाणी कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेइतकी भर कंपनी घालते. दर महिन्याला एकदा तयारीची खरी हकिकत कळवा, बुडालेल्या आठवड्यांसकट. शेवटचे दोन आठवडे निधीचं काम पूर्ण बंद ठेवा.

संस्था निवडताना तिची नोंदणी, वार्षिक अहवाल आणि हिशेब वाचा. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जावेत, तुमच्या खात्यातून फिरू नयेत. बूट, प्रवेशशुल्क, प्रवास हे खर्च स्वतःच्या खिशातून करा आणि आवाहनात तसं लिहा. संस्थेमार्फत शर्यतीत जागा मिळत असेल तर किमान निधीची अट असते. दुखापत झाली किंवा डॉक्टरांनी मनाई केली तर ती रक्कम तुम्हाला भरावी लागेल का, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या. उत्तर गोलमोल आलं तर ती जागा घेऊ नका, नेहमीची नोंदणी करून स्वतंत्रपणे निधी जमवा.

ज्याला पैसे देणं शक्य नाही त्याच्याकडे दुसरं काही मागा: बीपी मोजून घे आणि सीपीआर शीक. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, एईडी येईपर्यंत न थांबता. एईडीचा झटका मिळायला उशीर होईल तसं दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते, म्हणून शेजारचा माणूसच उपयोगी पडतो. तुम्हीही शर्यतीआधी हे प्रशिक्षण घ्या, आणि घरच्यांनाही सोबत न्या. भीती घालणाऱ्यांच्या हाताला काम मिळालं की त्यांची भीती उतरते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

शर्यतीनंतरची एक बारीक गोष्ट. मॅरेथॉननंतर बऱ्याच निरोगी धावपटूंच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं सापडतं आणि काही दिवसांत आपोआप उतरतं. झटका आल्यावर वाढतं तेच हे द्रव्य. त्या दिवसांत कशासाठीही दवाखान्यात जावं लागलं तर ‘नुकतीच मॅरेथॉन धावलेय’ हे आधी सांगा. पण छातीत दुखत असेल तर धावण्यामुळेच असेल असं तुमचं तुम्ही ठरवू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि आवाहनाचा मसुदा लिहून ठेवा. नोंदणी रिपोर्ट आल्यावर करा. लिपिड, लिपोप्रोटीन-ए आणि बीपीचे आकडे मला कळवा, त्यावरून पहिल्या आठ आठवड्यांचं वेळापत्रक आपण बसवू.